घराचं दुकान होताना: नागपुरात जमिनीचा वापर कोण ठरवतं?

शेजारच्या बंगल्याला हिरवं कापड गुंडाळलं जातं, महिनाभर तोडफोड चालते आणि एक दिवस दारावर फलक लागतो. कधी कॅफे, कधी पॅथॉलॉजी लॅब, कधी जिम. धरमपेठ, लक्ष्मीनगर, रामदासपेठ, प्रतापनगर अशा नागपूरच्या निवासी वस्त्यांमध्ये हे आता नेहमीचं झालं आहे. शेजाऱ्यांना एकच विचारायचं असतं: हे चालतं का?

याचं सरळ उत्तर एका कागदावर सापडत नाही. एखाद्या जागेत धंदा करता येईल की नाही हे तीन कागद ठरवतात. पहिला शहराचा विकास आराखडा, दुसरा त्या भूखंडाचा मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा दस्त, तिसरा बांधकामाचा आणि वापराचा परवाना. हे तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात आणि बहुतेक वेळा एकमेकांची तोंडं पाहत नाहीत. नागपुरातले घर-दुकानाचे निम्मे तंटे या तीन कागदांच्या मधल्या फटीत जन्मतात, असं माझं मत आहे.

नकाशावरचा रंग

भारतातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. पुढे १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्यानं नगरपालिकांना विकास आराखडा करणं बंधनकारक केलं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मग सगळ्या राज्याला एकच कायदा लागू झाला, तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. कार्यालयांत त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. अमुक जागा निवासी की वाणिज्यिक, या वादाचं मूळ शेवटी याच कायद्यात येऊन पोचतं.

आराखड्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक म्हणजे पट्टा, म्हणजेच झोन. पिवळा निवासी, निळा वाणिज्यिक, जांभळा औद्योगिक, हिरवा शेतीचा. दुसरं म्हणजे आरक्षण: शाळा, मैदान, बाजार, दवाखाना, रस्ता. झोन सांगतो की मालक आपल्या जमिनीवर काय करू शकतो. आरक्षण सांगतं की ही जमीन सार्वजनिक कामासाठी घ्यायची आहे, मालकानं थांबावं. पिवळ्या पट्ट्यातल्या घरात दुकान आलं तर तो झोनचा प्रश्न. मैदानाच्या जागेवर गाळे उभे राहिले तर तो आरक्षणाचा, आणि कायद्याच्या दृष्टीनं बराच जड प्रश्न.

नागपूरचा सुधारित आराखडा २००० साली मंजूर झाला. कायद्याप्रमाणे दर वीस वर्षांत एकदा तरी आराखड्याची फेरतपासणी व्हायला हवी. वीस वर्षं उलटली तरी शहर त्याच नकाशावर चालत राहिलं. दरम्यान वर्धा रोडवर मेट्रो आली, मिहान प्रकल्प आला, मनीषनगर आणि बेसा भरून गेले. नकाशावर पिवळं असलेलं निम्मं शहर जमिनीवर केव्हाच निळं झालं होतं.

रंगापेक्षा रस्ता

समजा, तुमचा भूखंड निवासी पट्ट्यात आहे. म्हणजे तिथं दुकान चालणारच नाही का? तसं नाही. २ डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद वगळता सगळ्या महाराष्ट्राला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. आर्किटेक्ट आणि बिल्डर तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. या नियमावलीत निवासी पट्ट्याचे दोन वर्ग आहेत, आर-१ आणि आर-२, आणि भूखंड कुठल्या वर्गात बसेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट वस्तीत ९ मीटर आणि बाहेरच्या भागात १२ मीटर ही सीमारेषा. त्याहून अरुंद रस्त्यावर दवाखाना, वकिलाचं कार्यालय, रोजच्या गरजेचं छोटं दुकान असा मर्यादित वापर चालतो. रस्ता तितका किंवा त्याहून रुंद असेल तर दुकानं, कार्यालयं आणि इतर बरंच काही निवासी पट्ट्यातच बसतं.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. एकाच ले-आउटमध्ये, एकाच आकाराच्या दोन भूखंडांपैकी कोपऱ्यावरच्या भूखंडाला शोरूम चालतं आणि त्याच्या पाठीला लागून असलेल्याला चालत नाही. झोनचा रंग दोघांचा सारखाच. कोपऱ्याच्या प्लॉटला नागपुरात जास्त भाव का येतो, याचं हे एक सरकारी कारण.

नियमामागचा विचार चुकीचा नाही. दुकान म्हणजे गाड्या आल्या, माल उतरवायला टेम्पो आले, आग लागली तर बंब आत शिरायला हवा. पण रस्त्याची रुंदी म्हणजे आराखड्यातली रुंदी. १२ मीटरचा रस्ता कागदावर असतो आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या कंपाउंडनी, ओट्यांनी आणि लावलेल्या गाड्यांनी तो निम्मा उरलेला असतो. परवानगी कागदाच्या रुंदीवर मिळते, वाहतूक उरलेल्या रुंदीवर चालते.

इतवारी, महाल, गांधीबाग या जुन्या भागांची गोष्ट निराळी. खाली पेढी, वर बिऱ्हाड ही तिथली भोसल्यांच्या काळापासूनची रीत. नियमावलीही अशा दाट वस्तीला वेगळे निकष लावते. दुकान आणि घर शेजारी नांदू शकतात, हे त्या गल्ल्यांनी दोन शतकं दाखवून दिलं आहे. तिथं ग्राहक पायी यायचे, हा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा.

मेट्रोनं यात आणखी एक थर घातला. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात जास्त चटईक्षेत्र निर्देशांक मिळण्याची सोय झाली. रस्ता पुरेसा रुंद आणि भूखंड पुरेसा मोठा असेल तर हा निर्देशांक कमाल ४ पर्यंत जाऊ शकतो. साध्या भाषेत, हजार चौरस फुटांच्या जमिनीवर मोजणीत धरलं जाणारं चार हजार चौरस फूट बांधकाम. एरवी दाट वस्तीबाहेर निवासी जागेसाठी मूळ निर्देशांक १.१ असतो, त्यावर पैसे भरून किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, विकत घेऊन वाढ मिळते. वर्धा रोड, कामठी रोड आणि हिंगणा रोडच्या दोन्ही अंगांना जुने बंगले का पडत आहेत, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

दुसरा कागद: भाडेपट्टा

आराखड्यानं हो म्हटलं तरी काम संपत नाही. नागपूरच्या मोठ्या भागात रहिवासी हा जमिनीचा पूर्ण मालक नसतो, तो पट्टेदार असतो.

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या स्वतंत्र कायद्यानं स्थापन झाला. जमीन घ्यायची, ले-आउट पाडायचे, रस्ते आणि नाल्या करायच्या आणि भूखंड भाडेपट्ट्यानं द्यायचे ही त्याची पद्धत. पट्टा साधारण ३० वर्षांचा, नूतनीकरणाच्या सोयीसह. भूखंड कशासाठी दिला आहे हे पट्ट्यात लिहिलेलं असतं. निवासी म्हणून दिलेल्या भूखंडावर दुकान काढलं तर आराखड्याचा भंग झाला की नाही हा पुढचा प्रश्न. पट्ट्याच्या अटीचा भंग मात्र त्याच दिवशी होतो. मग वापरबदलाचा अर्ज, त्यासाठीची रक्कम, वाढलेलं भूभाटक.

दुसरा प्रकार नझुलाचा. सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत शासनाच्या मालकीच्या नझूल जमिनी पट्ट्यानं दिलेल्या आहेत आणि त्यांचा धनी महसूल खातं, म्हणजे जिल्हाधिकारी. महापालिकेनं नकाशा मंजूर केला तरी जिल्हाधिकारी कार्यालय शर्तभंगाची नोटीस काढू शकतं. दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधल्या मध्ये मालक सापडतो. तिसरा प्रकार गृहनिर्माण सोसायट्यांच्या ले-आउटचा. तिथं सोसायटीचे पोटनियम आणि मूळ वाटपाच्या अटीही पाहाव्या लागतात.

नागपुरातल्या जमिनीच्या जाहिरातींत 'एन.ए., टी.पी., आर.एल.' ही अक्षरं एका दमात येतात. एन.ए. म्हणजे जमीन अकृषिक झाली, टी.पी. म्हणजे नगररचना विभागानं ले-आउट मंजूर केला, आर.एल. म्हणजे प्रन्यासाचं त्या भूखंडापुरतं पत्र. तिन्ही असली तर घर बांधायचा मार्ग बहुधा मोकळा असतो. पण यांतलं एकही अक्षर दुकानाची परवानगी देत नाही. हे जाहिरातीत नसतं.

नियोजन कुणाचं?

एका शहराला एकच नियोजन प्राधिकरण असावं, अशी सामान्य माणसाची समजूत असते. नागपुरात अनेक वर्षं महापालिका आणि सुधार प्रन्यास ही दोन प्राधिकरणं शेजारी-शेजारी नांदत आली. एका वस्तीचा नकाशा महापालिकेत मंजूर होतो, रस्त्यापलीकडच्या वस्तीचा प्रन्यासात. २०१६ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं प्रन्यास बरखास्त करण्याचं तत्त्वतः ठरवलं, २०१९ मध्ये शहराचं नियोजन महापालिकेकडं देण्याचा निर्णय झाला, आणि पुढच्या सरकारनं तो फिरवला. जुन्या फाइलवर कोणत्या तारखेला कुणाची सही चालते, हा त्यामुळं नागपूरच्या वकिलांचा स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे.

शहराच्या हद्दीबाहेर २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे 'एनएमआरडीए' आलं. त्याचा महानगर आयुक्त बहुधा प्रन्यासाचा सभापतीच असतो. त्याशिवाय बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसीचे स्वतःचे नियम, मिहानमध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, कामठीला लष्करी छावणी, आणि काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक या गावांच्या आपापल्या नगरपालिका. तक्रार करायची असेल तर पहिलं काम हे की आपला खसरा कुणाच्या हद्दीत पडतो ते शोधणं. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज नामंजूर होत नाही, तो नुसता पडून राहतो.

हिरवा पट्टा, लॉन आणि गोदामं

महानगर प्रदेशाचा आराखडा ५ जानेवारी २०१८ रोजी मंजूर झाला. साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आणि सातशेहून अधिक गावं त्यात येतात. या नकाशात कुठलं शिवार पिवळं झालं आणि कुठलं हिरवं राहिलं, त्यावर एका शेतकऱ्याच्या एकरी भावात आणि त्याच्या बांधाला लागून असलेल्या दुसऱ्याच्या भावात कित्येक पटींचा फरक पडला. जमिनीचा कस तोच, विहिरीचं पाणी तेच.

अमरावती रोडवरच्या वाडीला ट्रान्सपोर्टची आणि गोदामांची वस्ती आधी उभी राहिली आणि नियोजन मागून आलं. देशाच्या मध्यावर असलेल्या शहरात ट्रक थांबणार, माल उतरणार आणि दुसऱ्या गाडीत चढणार, हे कुणी ठरवावं लागत नाही. ज्याला ठरवता येतं ते एवढंच की त्या ट्रकांसाठी रुंद रस्ता आणि थांबायला जागा आधीच राखून ठेवायची की नाही.

लॉन हा नागपूरचा खास प्रकार. लग्नसराईत शहराबाहेरच्या रस्त्यांवर सलग रोषणाई दिसते. शेतीच्या पट्ट्यात मंगल कार्यालय किंवा लॉन अजिबात चालत नाही, हा समज चुकीचा आहे. किमान जागा, पुरेसा रुंद रस्ता, वाहनतळ आणि अगदी मर्यादित बांधकाम अशा अटींवर परवानगी मिळू शकते. अडचण अशी की आधी शेतात मंडप पडतो, मग पक्का हॉल उभा राहतो, मग खोल्या बांधल्या जातात, आणि परवानगीचा अर्ज नोटीस आल्यावर केला जातो.

आता गुंठेवारी. शेतीचे तुकडे करून, मंजुरी न घेता पाडलेले ले-आउट नागपुरात हजारोंनी मोजावे लागतात. 'पाचशे बहात्तर' आणि 'एकोणीसशे' या नुसत्या आकड्यांनी ते ओळखले जातात. नागपूरकराला पुढं 'ले-आउट' असं म्हणावंही लागत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं १ जानेवारी २००१ पूर्वीच्या विकासाला नियमित होण्याची वाट दिली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं ढकलली. तारीख पुढं ढकलण्यात माणुसकी आहे, कारण तिथं राहणाऱ्या माणसानं आयुष्याची पुंजी घातलेली असते. त्यातच पुढच्या बेकायदा ले-आउटवाल्याला मिळणारं आश्वासनही आहे. आणि भूखंड निवासी म्हणून नियमित झाला असेल, तर दुकानासाठी पुन्हा वेगळी परवानगी घ्यावीच लागते.

धंतोलीचं काय झालं

वापर कसा सरकत जातो हे पाहायचं असेल तर धंतोलीइतकं बोलकं उदाहरण नाही. रेल्वे स्थानक, सीताबर्डी आणि वर्धा रोड यांच्या कुशीतली ही जुनी बंगल्यांची वस्ती. वकील, प्राध्यापक, डॉक्टर इथं राहायचे. डॉक्टरांनी घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला, तो नियमात बसत होता. मग वरच्या मजल्यावर दहा खाटा आल्या. मुलगा एम.डी. होऊन परतला आणि बंगल्याच्या जागी चार मजली रुग्णालय उभं राहिलं. त्याच्या आधारानं औषधांची दुकानं, लॅब, स्कॅन सेंटर, नातेवाइकांसाठी खानावळी आणि लॉज आले. छिंदवाडा, बालाघाट, बैतूलपासून गडचिरोली, आदिलाबादपर्यंतचा पेशंट स्थानकावर उतरून दहा मिनिटांत इथं पोचतो. जागा निवडण्यात कुणाचंही चुकलं नव्हतं.

धंतोलीला रुग्णालयांची वस्ती करायची, असा ठराव कधी कुठल्या सभागृहात झाला नाही. प्रत्येक परवानगी एकेका भूखंडापुरती पाहिली गेली. शंभर परवानग्या मिळून वस्तीचं काय होईल हे पाहण्याचं काम आराखड्याचं, आणि आराखडा वीस वर्षांतून एकदा उघडतो.

परिणाम रस्त्यावर दिसला. रुग्णवाहिकेला वाट मिळेना, घरमालकाला स्वतःच्या फाटकातून गाडी काढता येईना. मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखवलेल्या तळघरांत दुसरेच उद्योग चालू असल्याच्या तक्रारी झाल्या. धंतोली नागरिक मंडळ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन गेलं आणि पार्किंग, वाहतूक, रुग्णालयांच्या परवानग्या हे विषय तिथं वर्षानुवर्षं चालले.

रहिवाशांची बाजू न्याय्य आहे, पण 'रुग्णालयं हटवा' हे तिचं उत्तर होऊ शकत नाही. विदर्भातला गंभीर रुग्ण उद्यापासून दुसरीकडे जाणार नाही. खाटांच्या हिशेबात वाहनतळ, आणि तळघर गाडीसाठी सोडून दुसऱ्या कशासाठीही वापरलं तर तत्काळ कारवाई, एवढ्या दोन गोष्टी पहिल्या दहा रुग्णालयांच्या वेळीच काटेकोर झाल्या असत्या तर बराच फरक पडला असता. आता प्रत्येक चौरस फुटाला भाडं आहे, म्हणून प्रत्येक चौरस फुटासाठी वकीलही आहे.

याच्याशी नातं सांगणारा एक निकाल बंगळुरूचा आहे. तिथं उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये ते वाटप रद्द ठरवलं. वस्तीतल्या माणसाला मोकळ्या जागेसाठी भांडण्याचा अधिकार आहे, हे त्या निकालानं पक्कं केलं. धंतोलीत मात्र मोकळी जागा गेली नव्हती, घरांचा वापर बदलला होता, आणि तो परवानग्या घेत घेत बदलला होता. म्हणून ही लढाई जास्त अवघड.

'मी कर भरतो की!'

निवासी जागेत धंदा करणाऱ्याला हटकलं की हे उत्तर हमखास येतं. वीज वाणिज्यिक दरानं येते, मालमत्ता कर अनिवासी दरानं लागतो, गुमास्ता परवाना भिंतीवर टांगलेला असतो. मग बेकायदा कसं?

यांतल्या कशालाही वापराची परवानगी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तिसरा कागद, म्हणत नाहीत. कर हा प्रत्यक्ष वापरावर लागतो, तो वापर कायदेशीर आहे की नाही हे कर विभाग ठरवत नाही. बेकायदा बांधकामाला शास्ती लावण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. दुकाने व आस्थापना कायदा तर २०१७ पासून इतका सोपा झाला की छोट्या आस्थापनेला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. 'विकास' या शब्दाच्या एमआरटीपीतल्या व्याख्येत मात्र इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला मोठा बदलही येतो. एक वीट न हलवता घराचं गोदाम केलं, तरी परवानगी लागते. ती न घेता केलेला बदल गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड दोन हजार ते पाच हजार रुपये. ज्या जागेचं महिन्याचं भाडं लाखात जातं तिथं पाच हजारांच्या दंडाला कोण भिणार?

दिल्लीत ही गाठ एकदाच आणि फार कडवटपणे सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं निवासी भागातल्या दुकानांना सील लागू लागली, व्यापारी रस्त्यावर उतरले, आणि सरकारनं दोन हजारांहून अधिक रस्ते मिश्र किंवा वाणिज्यिक वापराचे म्हणून जाहीर करून टाकले. म्हणजे आधी वस्ती बदलली आणि मग नकाशाला तिच्यामागं धावत जावं लागलं.

१७ डिसेंबर २०२४ चा मेरठचा निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथल्या शास्त्रीनगरात निवासी भूखंडावर दुकानं बांधली गेली होती. ती पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवलाच, शिवाय देशभरासाठी काही सूचना दिल्या: भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये, बँकांनी कर्ज देऊ नये, अनधिकृत इमारतीत धंद्याचा परवाना देऊ नये. थोडक्यात, एका टेबलानं दुसऱ्या टेबलाचा कागद वाचावा.

बदल होतो कसा, आणि तुमचे तीस दिवस

नवा आराखडा करताना आधी इरादा जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण होतं, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. तिथून हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. पूर्वी ६० मिळायचे. नियोजन समिती सुनावणी घेते, प्रस्ताव शासनाकडं जातो आणि राजपत्रात अंतिम मंजुरी येते. मधल्या काळात छोटा फेरबदल करायचा तर एमआरटीपीचं कलम ३७. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नसेल तर प्राधिकरण ठराव करतं, नोटीस काढून एक महिना हरकती मागवतं आणि शासनाकडं पाठवतं. पिवळ्याचा निळा बहुतेक वेळा या वाटेनं होतो.

ठराव करणारं सभागृह ही इथली एकमेव उघडी खिडकी. नागपूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच सभागृह होता. त्या काळात कलम ३७ चे ठराव झाले तरी त्यावर भांडायला नगरसेवक नव्हता. नगरसेवक भांडतोच असं नाही, हेही खरं. पण विषयपत्रिका निदान पत्रकाराच्या हाती लागते.

हरकत घेताना 'आम्हाला त्रास होतो' एवढं लिहून भागत नाही. मौजा, खसरा किंवा भूखंड क्रमांक, आराखड्यातलं प्रयोजन, समोरच्या रस्त्याची मोजलेली रुंदी, जवळच्या शाळेचं अंतर आणि गर्दीच्या वेळेचे फोटो, असा अर्ज सुनावणीत टिकतो. वस्तीतल्या दोनशे जणांनी एकाच मजकुरावर सह्या केल्या तर ती बहुधा एकच हरकत धरली जाते. दोनशे जणांनी आपापल्या घरासमोरची परिस्थिती लिहिली तर ऐकणाऱ्याला दोनशे पानं उलटावी लागतात.

आरक्षण उठतं तेव्हा

मैदानाची पाटी असलेल्या जागेवर एके दिवशी व्यापारी संकुल उभं राहतं आणि लोक म्हणतात, भ्रष्टाचार झाला. कधी झालेलाही असतो. पण पुष्कळदा मागं एमआरटीपीचं कलम १२७ असतं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पूर्वी सहा महिन्यांची असलेली मुदत आता २४ महिने आहे. तेवढ्यात संपादनाकडं पाऊल पडलं नाही तर आरक्षण संपतं आणि मालकाला शेजारच्या जमिनीवर जो वापर चालतो तोच करता येतो. शेजारी बाजारपेठ असेल तर मैदानाचीही बाजारपेठ होते.

'पाऊल' म्हणजे काय, हेही न्यायालयातच ठरलं. गिरणार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलं की नुसती पत्रापत्री किंवा शासनाकडं प्रस्ताव पाठवणं पुरत नाही, प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेनं जाणारी कृती हवी. या निकालानं राज्यातल्या सगळ्या नगरपालिकांची झोप उडवली. नागपूरचा आराखडा २००० चा, म्हणजे २०१० नंतर अशा नोटिसांचा मार्ग इथंही खुला झाला. उद्यान वाचवायचं असेल तर झाडं मोजण्याआधी महापालिकेच्या अर्थसंकल्पात त्या जागेच्या संपादनासाठी रक्कम धरली आहे का ते पाहावं.

झोनिंगची कल्पनाही न्यायालयातच पक्की झाली, आणि ती एका छोट्या गावामुळं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलँडच्या उपनगरात युक्लिड नावाचं गाव आहे. तिथल्या एका कंपनीच्या ६८ एकरांपैकी काही भागावर गावानं निवासी पट्टा टाकला. कंपनी म्हणाली, आमच्या जमिनीचा भाव पाडला. १९२६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. भावाची तक्रार तेव्हाही होती आणि बेसा-पिपळ्यात आजही आहे.

जागा घेण्याआधी

दुकानासाठी जागा घेत असाल किंवा शेजारच्या दुकानाची तपासणी करायची असेल, तर कागद ठरलेले आहेत. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा. सिटी सर्व्हेकडून आखीव पत्रिका, गावाकडं सात-बारा आणि फेरफार. पट्ट्याची जागा असेल तर मूळ पट्ट्याची प्रत, नूतनीकरणासह. इमारत असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, आणि त्या नकाशात वाहनतळ कुठं दाखवला आहे ते. दुसऱ्याच्या इमारतीचे कागद पाहायचे असतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. आराखड्यात निवासी किंवा वाणिज्यिक पट्ट्यात आलेल्या जमिनीला २०१७ च्या दुरुस्तीपासून वेगळी एन.ए. परवानगी मागावी लागत नाही, ठरलेले पैसे भरून रूपांतर होतं. तरी ते झालं आहे का, याची पावती मागावी.

झोन दाखल्यावरची तारीख पाहावी, कारण दाखला त्या दिवसापुरताच बोलतो आणि नंतर कलम ३७ चा फेरबदल झालेला असू शकतो. रस्त्याची रुंदी मात्र आपण टेप घेऊन मोजावी, या कंपाउंडपासून त्या कंपाउंडपर्यंत, आणि तो आकडा विक्रेत्यासमोरच नकाशावरच्या आकड्याशी ताडून पाहावा.